अर्जांतील उणीव आणि बुडालेली फी

सरकारदरबारीं भरलेली फी व नदींत टाकलेला पैसा हीं दोन्ही सारखींच, परत यावयाचीं नाहींत, अशी एक समजूत आपल्या शेतकरीवर्गांत फार दिवसांपासून रूढ आहे. ही समजूत सर्वस्वीं खरी नाहीं, तशी ती सर्वस्वीं खोटीहि नाहीं. कोणती फी परत मिळते, कोणती मिळत नाहीं, ती कोणाच्या चुकीनें बुडते आणि ती बुडूं नये म्हणून आधीं काय करावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. आमचें आयुष्य महसुली कचेरींत अर्ज वाचण्यांत गेलें. त्यामुळें हा विषय कितीहि रुक्ष वाटला, तरी त्यांत शेतकऱ्याचें केवढें नुकसान दडलेलें असतें, हें आम्हांस चांगलें ठाऊक आहे.

गडचिरोली जिल्ह्यांतील आमच्या मुलचेरा तालुक्यासारख्या जंगलपट्टींत या प्रश्नास विशेष महत्त्व आहे. येथें मुख्य पीक धानाचें. रोख पैसा घरांत येतो तो धान निघाल्यावर. एरवीं वर्षभर उधारी व मजुरी यांवरच निभाव. अशा घरांतून एखादा मनुष्य नोंदणीसाठीं निघतो, तेव्हां फीच्या रकमेखेरीज जाण्यायेण्याचा खर्च, साक्षीदारांचा खर्च व बुडालेली मजुरी असें सर्व ओझें त्याच्या डोक्यावर असतें. अर्ज फेटाळला गेला, तर हें सर्व पुन्हां पहिल्यापासून. त्यांतून या तालुक्यांत गोंड-माडिया, तेलुगु बोलणारे आणि पूर्व बंगालमधून येऊन वसलेले बंगाली असे निरनिराळ्या भाषांचे लोक शेजारीं शेजारीं नांदतात. एकाच मनुष्याचें नांव एका कागदांत ‘बिश्वास’ तर दुसऱ्यांत ‘विश्वास’, एकांत ‘आत्राम’ तर दुसऱ्यांत ‘अत्राम’ असें लिहिलेलें आढळतें. मनुष्य एकच, शेत एकच, परंतु कागदाच्या दृष्टीनें तीं दोन माणसें होत! उणिवांचा आरंभ बहुधा येथूनच होतो.

फी ही कशाची किंमत?

पुष्कळ लोकांचा असा समज असतो कीं, फी ही मिळणाऱ्या वस्तूची किंमत आहे. वस्तु मिळाली नाहीं तर किंमत परत मिळाली पाहिजे. बाजाराच्या दृष्टीनें हें बरोबर आहे. परंतु कचेरीचा हिशेब निराळा आहे. तेथें फी द्यावयाची ती अर्ज दाखल करून घेणें, तो तपासणें व त्यावर निर्णय देणें या कामाबद्दल. निर्णय आपल्या बाजूनें लागेल, अशी हमी त्या फींत नसते.

धानाच्या गिरणीचें उदाहरण घ्या. आपण ओलसर धान भरडावयास नेलें आणि तांदूळ न पडतां कणीच फार पडली, तर गिरणीवाला भरडाई परत करीत नाहीं; कारण त्यानें आपलें काम केलेलें असतें, उणीव आपल्या धानांत असते. मात्र गिरणीचें यंत्रच बिघडलेलें असून त्यामुळें तांदळाचा चुरा झाला, तर भरडाई मागण्याचा त्यास कांहीं एक अधिकार पोंचत नाहीं. उणीव कोणाच्या बाजूची, हा प्रश्न फीच्या बाबतींतहि असाच मुख्य आहे. आणि दुःखाची गोष्ट ही कीं, आपल्या बहुतेक नियमांत त्याचा पुरेसा विचार झालेला नाहीं.

दुसरी गोष्ट अशी कीं, कचेरींत दिलेला सर्वच पैसा ‘फी’ नव्हे. नोंदणी फी हा एक प्रकार, मुद्रांक शुल्क हा दुसरा व दंड हा तिसरा. पहिली ही कामाबद्दल, दुसरें हा राज्याचा कर, आणि तिसरा हा उशीर किंवा कसूर यांबद्दल. परत मागण्याचा मार्ग प्रत्येकाचा निराळा आहे. एकाच पावतींत सर्व रक्कम पाहणाऱ्या शेतकऱ्यास हा भेद कळत नाहीं, व मग तो भलत्याच दारीं अर्ज करून मुदत घालवून बसतो.

दस्तांची नोंदणी

जमिनीच्या दस्तांची नोंदणी सन १९०८ च्या नोंदणी कायद्यानें चालते. या कायद्याच्या ८० व्या कलमांत स्पष्ट म्हटलें आहे कीं, दस्त सादर करतांच फी द्यावयाची. म्हणजे आधीं पैसा, मग तपासणी. आपल्या राज्यांत खरेदीखतावर ही फी किंमतीच्या शेंकडा १ असून तिची कमाल मर्यादा रु. ३०,००० आहे. शेतजमिनीच्या वाटणीपत्रावरील नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानें सन २०२५ च्या मे महिन्यांत घेतला. भावाभावांच्या तोंडी वाटण्या कागदावर आणण्यास ही सवलत उपयोगी पडण्यासारखी आहे.

दस्त कोणत्या कारणांनीं अडतो, हेंहि त्याच कायद्यांत सांगितलें आहे. १९ व्या कलमाप्रमाणें नोंदणी अधिकाऱ्यास न समजणाऱ्या व त्या जिल्ह्यांत सामान्यतः न चालणाऱ्या भाषेंतील दस्त खऱ्या भाषांतरावांचून स्वीकारला जात नाहीं. २० व्या कलमाप्रमाणें ओळींमध्यें घुसडलेला मजकूर, कोऱ्या जागा, खाडाखोड किंवा फेरफार असेल, तर त्यावर दस्त करून देणारांच्या सह्या असाव्या लागतात; नसतील तर अधिकारी तो नाकारूं शकतो. २१ व्या कलमाप्रमाणें मिळकतीचें वर्णन ती ओळखण्यास पुरेसें पाहिजे. भूमापन क्रमांक चुकला, क्षेत्र एकरांत लिहिलें व सातबाऱ्यावर तें हेक्टर-आरमध्यें आहे, चतुःसीमेंत मेलेल्या शेजाऱ्याचें नांव आहे, या सर्व उणिवा या एका कलमांत येतात.

मुदतीचें महत्त्व तर सर्वांत अधिक. दस्तावर सह्या झाल्या दिवसापासून ४ महिन्यांच्या आंत तो सादर झाला पाहिजे (कलम २३). निकडीच्या प्रसंगानें किंवा टाळतां न येणाऱ्या अपघातानें उशीर झाल्यास आणखी ४ महिन्यांपर्यंत तो घेतां येतो. परंतु त्यासाठीं योग्य फीच्या दहापटीपर्यंत दंड होऊं शकतो (कलम २५). पावसाळ्यांत नाले भरून वाट बंद झाली, घरांत आजार निघाला, अशा कारणांचा दाखला त्याच वेळीं जवळ ठेवावा. मागाहून तोंडी सांगून भागत नाहीं.

आतां दस्त नाकारला गेलाच, तर शेतकऱ्यानें काय करावें? येथें एक फार मोलाची तरतूद आहे व ती बहुतेकांस ठाऊक नसते. ७१ व्या कलमाप्रमाणें, मिळकत आपल्या हद्दीबाहेर आहे हें कारण सोडून अन्य कारणानें दस्त नाकारणाऱ्या दुय्यम निबंधकानें आपला हुकूम व त्याचीं कारणें २ नंबरच्या पुस्तकांत लिहावयाचीं असतात, दस्तावर ‘नोंदणी नाकारली’ असा शेरा मारावयाचा असतो, आणि दस्त करून देणाऱ्यानें किंवा घेणाऱ्यानें मागणी केल्यास त्या कारणांची नक्कल विनामूल्य व विनाविलंब द्यावयाची असते. नकाराच्या हुकुमाच्या तारखेपासून ३० दिवसांचे आंत जिल्ह्याच्या निबंधकाकडे अपील करतां येतें (कलम ७२). तेथेंहि नकार मिळाला, तर पुन्हां ३० दिवसांचे आंत दिवाणी दावा (कलम ७७). तोंडी नकार ऐकून मुकाट्यानें घरीं परतणारा मनुष्य हे सर्व हक्क गमावतो व दुसऱ्या वेळीं पुन्हां सर्व खर्च करतो. म्हणून आमचें सांगणें असें कीं, नकार घ्यावयाचा तर तो लेखीच घ्यावा.

मुद्रांकाचा पैसा व सहा महिने

नोंदणी फीपेक्षां मुद्रांकाची रक्कम मोठी असते. ती कमी भरली, तर दस्त अडकवून ठेवला जातो आणि कमी पडलेल्या रकमेवर दरमहा शेंकडा २ प्रमाणें दंड चढत जातो. ती भरली पण व्यवहारच फिसकटला, तर परत मागण्याची सोय महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम, १९५८ याच्या ४७ व ४८ व्या कलमांत आहे. परंतु तेथें सामान्यतः दस्ताच्या तारखेपासून ६ महिन्यांची मुदत घातलेली आहे.

या मुदतीनें किती त्रास होतो, याचें एक उदाहरण मुंबईंतील आहे. भायखळा भागांतील एका मिळकतीच्या खरेदीदारानें सन २०१४ च्या मे महिन्यांत पंचवीस लाखांहून अधिक रुपयांचें मुद्रांक शुल्क भरून दस्त केला. नोंदणी होण्यापूर्वींच असें उघडकीस आलें कीं, विकणाऱ्यानें तीच मिळकत सन १९९२ मध्येंच दुसऱ्यास विकून टाकली होती! खरेदीदारानें त्याच वर्षीं ऑक्टोबरांत परताव्याचा अर्ज केला. रद्दलेख मात्र नोव्हेंबरांत होऊं शकला. मुदतीच्या कारणावरून परतावा नाकारण्यांत आला. उच्च न्यायालयांतहि दाद लागली नाहीं. अखेर ता. १७ मे २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती रक्कम परत करण्याचा हुकूम दिला. मुदत संपल्यानें दाद मागण्याचा मार्ग बंद होईल, पण मूळ हक्क नाहींसा होत नाहीं. आणि राज्यानें आपल्या नागरिकाशीं वागतांना केवळ तांत्रिक मुद्द्यांवर अडून बसूं नये, असा त्या निकालाचा आशय आहे.

निकाल समाधानकारक खराच. परंतु त्यास दहा वर्षें लागलीं, हें आमच्या वाचकांनीं विसरूं नये. पंचवीस लाखांसाठीं दिल्लीपर्यंत जातां येतें. पंचवीस हजारांसाठीं मुलचेऱ्याचा शेतकरी तेथवर कसा जाणार? त्याच्या दृष्टीनें या खटल्याचा बोध एकच. व्यवहार मोडणार असें दिसतांच परताव्याचा अर्ज ताबडतोब करावा, रद्दलेखाची व्यवस्था त्याच सहा महिन्यांत लावावी, आणि पैसा भरण्यापूर्वींच विकणाऱ्याचा हक्क तपासावा.

नोंदणी झाली, तरी व्यर्थ

कांहीं वेळां याहून विपरीत प्रकार घडतो. अर्ज बरोबर, फी बरोबर, नोंदणीहि झाली. परंतु व्यवहारच कायद्यास मान्य नाहीं. नोंदणी अधिकाऱ्याचा शिक्का म्हणजे मालकीची हमी, अशी जी समजूत आहे ती घातक आहे. दस्त नोंदला गेला एवढेंच तो शिक्का सांगतो.

आमच्या भागांत याचें ठळक उदाहरण आदिवासींच्या जमिनीचें. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ यांत सन १९७४ मध्यें घातलेल्या ३६-अ कलमाप्रमाणें आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण किंवा पट्टा या मार्गांनीं जिल्हाधिकाऱ्याच्या पूर्वमंजुरीवांचून जाऊं शकत नाहीं. विक्रीच्या बाबतींत त्या मंजुरीस राज्य सरकारची संमतीहि लागते. ही मंजुरी न घेतां केलेल्या व्यवहारांत मुद्रांक, फी व किंमत हीं तिन्ही बुडतात, आणि जमीन मूळ आदिवासीस परत देण्याची कारवाई होते. तें योग्यच आहे. ज्याचें संरक्षण कायद्यानें केलें आहे, त्याची जमीन कागदाच्या युक्तीनें घेणारास फी परत मागण्याचें तोंड राहत नाहीं.

दुसरें उदाहरण अज्ञान वारसांचें. सन १९५६ च्या हिंदु अज्ञान व पालकत्व कायद्याच्या ८ व्या कलमाप्रमाणें बाप किंवा आई यांस अज्ञान मुलाची स्थावर मिळकत न्यायालयाच्या परवानगीवांचून विकतां येत नाहीं. तशी विकली, तर मुलाच्या बाजूनें तो व्यवहार रद्द ठरवून घेतां येतो. खरेदी घेणाऱ्यानें सातबाऱ्यावर ‘अ.पा.क.’ अशीं अक्षरें पाहिलीं, कीं तेथेंच थांबावें व परवानगी मागावी.

बियाण्याची नोंदणी: जेथें फी नाहीं, पण हक्क जातो

जमिनीप्रमाणें वाणाचीहि नोंदणी होते, ही गोष्ट आतां नवी राहिली नाहीं. आमच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यांत, नागभीड तालुक्यांतील नांदेड या गांवीं, दादाजी रामाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्यानें सन १९८३ मध्यें आपल्या शेतांत धानाच्या कांहीं निराळ्या लोंब्या हेरल्या. त्या वेगळ्या ठेवून, वर्षानुवर्षें निवड करीत त्यांनीं एक बारीक दाण्याचा वाण सिद्ध केला. त्या काळीं लोकप्रिय असलेल्या घड्याळाच्या नांवावरून त्यास ‘एचएमटी’ हें नांव पडलें व तो दूरवर पसरला. पुढें अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानें तें बियाणें घेऊन, शुद्धीकरण करून, सन १९९८ मध्यें ‘पीकेव्ही एचएमटी’ या नांवानें वाण प्रसारित केला. श्रेय कोणाचें, यावर पुष्कळ वाद झाला. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानानें सन २००५ मध्यें खोब्रागडे यांचा गौरव केला, ता. ३ जून २०१८ रोजीं ते निवर्तले. ज्या काळांत त्यांनीं तो वाण काढला, त्या काळांत शेतकऱ्याच्या नांवें वाण नोंदण्याचा कायदाच नव्हता.

तो कायदा सन २००१ मध्यें झाला. पिकांचे वाण व शेतकरी हक्क संरक्षण अधिनियम असें त्याचें नांव. त्याच्या ४४ व्या कलमानें शेतकरी, शेतकऱ्यांचा गट किंवा ग्रामसमुदाय यांस नोंदणीच्या कामांत, न्यायाधिकरणापुढें वा उच्च न्यायालयापुढेंहि, कोणतीच फी द्यावी लागत नाहीं. कंपन्यांची गोष्ट निराळी: त्यांनीं वार्षिक फी लागोपाठ दोन वर्षें भरली नाहीं व नोटिशीनंतरहि भरली नाहीं, तर ३५ व्या कलमाप्रमाणें त्यांचें संरक्षणच जप्त होतें.

मग शेतकऱ्याची उणीव अर्जांत राहिली तर काय जातें? फी जात नाहीं, पण वेळ जातो व कधीं हक्कहि जातो. अर्जांत वाणाचें नांव, त्याचें वेगळेपण, त्याची एकसारखेपणा व स्थिरता, मूळ बियाणें कोठून मिळालें याची माहिती, आणि तें कायदेशीरपणें मिळविलें असें प्रतिज्ञापन द्यावें लागतें. २० व्या कलमानें निबंधकास अर्ज दुरुस्त करावयास सांगण्याची मुभा आहे, व अर्जदारास आपली बाजू मांडण्याची वाजवी संधि दिल्यावांचून अर्ज फेटाळतां येत नाहीं. ही संधि पत्रानें येते. पत्र घेणारा कोणी नसेल, तर ती संधि तशीच जाते.

अर्जांतील उणीव मोठ्यांसहि कशी भोंवते, हें पेप्सिको कंपनीच्या ‘एफएल २०२७’ या बटाट्याच्या वाणावरून दिसेल. या वाणाची नोंदणी सन २०१६ च्या फेब्रुवारींत झाली. सन २०१९ मध्यें कंपनीनें तो वाण लावल्याबद्दल गुजरातेंतील शेतकऱ्यांवर दावे लावले. चार जणांकडे तर प्रत्येकीं एक कोटीहून अधिक रुपये मागितले! देशभर आरडाओरड झाल्यावर ते दावे त्याच वर्षीं मागें घेण्यांत आले. परंतु त्यानंतर कंपनीच्या मूळ अर्जाचीच तपासणी झाली. वाण आधींपासून प्रचारांत असतां त्यास ‘नवा’ म्हटलें होतें, पहिल्या विक्रीची तारीख चुकीची होती, हक्क हस्तांतराचे कागद अपुरे होते, अशा कारणांवरून ता. ३ डिसेंबर २०२१ रोजीं प्राधिकरणानें नोंदणी रद्द केली. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनीं जुलै २०२३ मध्यें तो हुकूम कायम केला, तर जानेवारी २०२४ मध्यें दोन न्यायाधीशांच्या खंडपीठानें तो फिरवला. कंपनीजवळ वकील होते म्हणून एका तारखेच्या चुकीवर ती इतकी वर्षें भांडूं शकली. आपल्याजवळ ती सोय नाहीं. म्हणून आपला अर्ज पहिल्यानेंच बिनचूक असला पाहिजे.

वनहक्काचा दावा

वनहक्क अधिनियम, २००६ याखालील दाव्यासहि फी नाहीं. परंतु येथें उणिवेमुळें गमावलें जातें तें याहून मोठें: पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीचा आधार. सन २०१२ मध्यें घातलेल्या १२-अ या नियमाप्रमाणें दावेदारास सुनावणीची वाजवी संधि दिल्यावांचून त्याच्याविरुद्ध निर्णय करतां येत नाहीं, व निर्णयाचीं कारणें त्यास कळविलीं पाहिजेत. कळल्या दिवसापासून ६० दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागतां येते. ता. १३ फेब्रुवारी २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें फेटाळलेल्या दाव्यांच्या लोकांस काढण्याबाबत हुकूम दिला व ता. २८ फेब्रुवारीस तो स्वतःच स्थगित केला, त्याचें एक कारण हेंच कीं, दावे फेटाळतांना योग्य पद्धत पाळली गेली किंवा नाहीं हें पाहणें अवश्य झालें. फुकट असलेल्या अर्जाकडे लोक हयगयीनें पाहतात. तसें करूं नये; फी नसली म्हणून अर्ज हलका ठरत नाहीं.

आमच्या मागण्या

शेतकऱ्याची चूक असेल, तर तिचें फळ त्यानें भोगावें, याबद्दल आमचें दुमत नाहीं. परंतु चूक सुधारण्यास अवसर देणें व कचेरीच्या चुकीची फी कचेरीनें सोसणें, हें न्यायाचें लक्षण आहे. दिवाणी न्यायालयांतहि दाव्यास स्टँप कमी पडला, तर वादीस तो पुरा करण्यास मुदत देतात. इंग्लंडांतील सन २००३ च्या जमीन-नोंदणी नियमांत अर्जांत उणीव आढळल्यास अर्जदारास ती पुरी करण्यासाठीं निदान २० कामकाजाचे दिवस द्यावे, असें ठरलेलें आहे. अगदींच सदोष अर्ज मात्र तेथेंहि एकदम नाकारतां येतो. आपल्याकडे महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणें नकाराचीं कारणें लेखी देणें व अपिलाची वाट दाखविणें बंधनकारक झालें, ही चांगली सुरुवात आहे. तिला जोडून पुढील गोष्टी व्हाव्या, असें आम्हांस वाटतें.

पहिली: सर्व उणिवा एकाच वेळीं, एकाच लेखी यादींत कळवाव्या. आज एक, पुढच्या खेपेस दुसरी, ही रीत बंद व्हावी. दुसरी: दुरुस्तीची ठराविक मुदत असावी व त्या मुदतींत दुरुस्त केलेल्या अर्जास तीच फी चालावी. तिसरी: यंत्र बंद, संगणकावरील सातबारा चुकीचा, किंवा कचेरीच्या दप्तरांतील चूक, अशा कारणानें काम अडलें, तर फी पूर्ण परत मिळावी व त्यासाठीं शेतकऱ्यास निराळा अर्ज करावा लागूं नये. चवथी: प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर फीचे दर, परताव्याची मुदत व अपिलाचें ठिकाण मोठ्या अक्षरांत लावावें, आमच्या तालुक्यांत तें बंगाली, गोंडी व तेलुगु जाणणारांसहि समजेल असें असावें. शेतकरी संघांनीं या मागण्या ठरावरूपानें वर पाठवाव्या.

अर्जापूर्वीं पाहावयाच्या गोष्टी

या मागण्या मान्य होईपर्यंत आपली काळजी आपणच घेतली पाहिजे. पुढील नियम घरांत लिहून ठेवण्यासारखे आहेत.

१. नांव सर्व कागदांवर एकाच रीतीनें लिहिलेलें आहे किंवा नाहीं, हें अक्षर न्‌ अक्षर ताडून पाहावें. फरक असेल तर तो आधीं दुरुस्त करून घ्यावा. अर्जासोबत समजूत घालून भागत नाहीं.

२. मृताच्या नांवावरील जमिनीचा व्यवहार करूं नये. प्रथम वारसांची नोंद, मग दस्त. मिळालेल्या हक्काची वर्दी ३ महिन्यांच्या आंत तलाठ्याकडे द्यावयाची असते, व फेरफारावर हरकतीसाठीं नोटीस निघते, हें लक्षांत असूं द्यावें.

३. सातबारा व आठ-अ यांच्या ताज्या नकला घ्याव्या. आमच्या विदर्भांत जुन्या बंदोबस्ताची मिसल, म्हणजे मूळ हक्काची नोंद, हीहि एकदां पाहून ठेवावी. पुष्कळ वाद तीवरूनच मिटतात.

४. जमीन भोगवटदार वर्ग-२ ची, आदिवासीची, अज्ञानाची किंवा सरकारनें दिलेली असेल, तर लागणारी परवानगी हातांत आल्यावांचून एक पैसाहि मुद्रांकावर खर्चूं नये.

५. चलन भरतांना नांव, कचेरी व रकमेचें सदर दोनदां वाचावें. भलत्या सदराखालीं गेलेला पैसा बुडत नाहीं, परंतु तो परत येईपर्यंत दुसरा भरावाच लागतो. चलनाची एक प्रत घरीं, एक बरोबर.

६. कोऱ्या जागा असलेल्या कागदावर सही अथवा अंगठा करूं नये. खाडाखोड झाल्यास तेथेंच दोनही पक्षांनीं सही करावी. अर्जनवीस कितीहि अनुभवी असला, तरी दस्त सर्वांसमक्ष मोठ्यानें वाचून घ्यावा.

७. प्रत्येक अर्जाची पोंच तारखेसह घ्यावी. नकार आल्यास त्याच दिवशीं कारणांची नक्कल मागावी व भिंतीवरील पंचांगावर तिसाव्या दिवसास खूण करून ठेवावी.

८. अर्जावर जो पत्ता द्यावयाचा, तेथें पावसाळ्यांतहि टपाल पोंचतें कीं नाहीं हें पाहावें. नसेल पोंचत, तर नातलगाचा किंवा सोसायटीचा पत्ता त्यांच्या संमतीनें द्यावा.

कित्येकांस हे नियम क्षुल्लक वाटतील. परंतु धान्य पेरण्यापूर्वीं बियाणें पाण्यांत टाकून पोंचट दाणा काढून टाकणाऱ्या शेतकऱ्यास तरी ते क्षुल्लक वाटूं नयेत. पोंचट दाणा शेतांत गेला तर एक रोप जातें. पोंचट अर्ज कचेरींत गेला, तर फी जाते, हंगाम जातो आणि कधीं कधीं शेतहि जातें. यंदाच्या उन्हाळ्यांत, शेताचीं कामें थंडावलेलीं असतांना, प्रत्येक खातेदारानें आपल्या पेटींतील कागद एकदां बाहेर काढून वरील नियमांप्रमाणें तपासावे, आणि ज्यांस वाचतां येत नाहीं अशा शेजाऱ्याचेहि वाचून द्यावे, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.